झोपेची वाटणी कशी करायची: एक ते चार बंदवाल्या शहरातून

पुण्याबाहेरच्या लोकांना पुण्याबद्दल दोनच जोक माहीत असतात, एक पाट्यांचा आणि दुसरा दुपारच्या झोपेचा. त्यातला दुसरा तसा शिळा झालाय, कारण चितळ्यांनी २०१७ साली दुपारी पण दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हा त्याची चक्क बातमी झाली होती, आणि आता लक्ष्मी रोडला दुपारी दोनला साडी घ्यायला गेलात तरी कोणी हाकलत नाही. जोक मात्र चालूच आहे. आणि इतकी वर्षं तो ऐकतोय आपण, पण एक ते चार नक्की झोपायचं कोण हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मी शुक्रवार पेठेत वाड्यात वाढले. बाबांचं छोटंसं स्टेशनरीचं दुकान, एक वाजला की शटर खाली, घरी जेवण आणि मग वामकुक्षी. आम्हा पोरांना दम असायचा की आवाज केलात तर बघा. आई त्या वेळात मागे मोरीत भांडी घासायची, आणि स्टीलची भांडी आवाज न करता घासणं हे काय स्किल आहे ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल, खाली ओलं फडकं अंथरून एकेक ताट हलकेच ठेवायचं. मग कधीतरी तीनला ती पण भिंतीशी आडवी व्हायची. पण "आई झोपली होतीस का" विचारलं की ठरलेलं उत्तर, "छे गं, झोपतेय कुठली, जरा पाठ टेकली."

तर ही गाईड त्यासाठी आहे. झोप कशी लागावी यावर नेटवर ढिगाने माहिती आहे, गरम दूध प्या, मोबाईल लांब ठेवा वगैरे, ते सगळं बरोबरच आहे. पण माझ्या अनुभवाने बऱ्याच घरांत झोप लागण्याचा प्रॉब्लेम नसतोच, झोपेच्या वाटणीचा असतो. जमिनीच्या वाटणीसारखंच, कागदावर सगळ्यांचं सारखं आणि प्रत्यक्षात विहिरीकडचा तुकडा कोणाकडे ते सगळ्यांना माहीत.

पहिलं काम, फ्रीजवर एक कागद लावा

एक आठवडा फक्त दोन गोष्टी लिहायच्या. कोण कधी झोपलं, आणि त्या झोपेला घरात काय म्हटलं गेलं. दुसरा कॉलम जास्त महत्त्वाचा आहे, तो गाळू नका.

आमच्याकडे काय निघालं सांगते. नवरा हिंजवडीला अमेरिकन क्लायंटच्या सपोर्टला आहे, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, त्यातले तीन दिवस घरून. त्याच्या झोपेचं नाव "त्याची झोप व्हायलाच हवी". सासूबाई पेपर वाचता वाचता जातात, त्यांचा "डोळा लागला". मुलगी आठवीत, शनिवारी दहापर्यंत झोपली तर ती "लोळतेय". माझ्या ऑफिसात वरच्या मजल्यावरचे साहेब केबिनचे पडदे ओढून वीस मिनिटं घेतात, तो "पॉवर नॅप". मी अर्थातच आईची मुलगी असल्याने "पाठ टेकली". आमच्या पोळ्यावाल्या मावशी सकाळी साडेसहाला घर सोडतात, सहा घरं करतात, आणि त्यांची दुपारची झोप म्हणजे पीएमपीत खिडकीला डोकं लावून स्वारगेटपर्यंत जी काय मिळेल ती, तिला नावच नाही. आणि सोसायटीच्या वॉचमन काकांना पहाटे तीनला पेंग आली तर ते "ड्यूटीवर झोपले", त्याचा फोटो निघतो. त्यांच्याकडे नंतर येते.

म्हणजे वीस मिनिटं तीच, गादी नाहीतर खुर्ची एवढाच फरक, पण नाव बदललं की अब्रू बदलते. "भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा" ही म्हण मला त्या आठवड्यात पहिल्यांदा खटकली, कारण दमलेल्याला दगडावरही झोप लागते हे सांगणारा माणूस स्वतः बहुतेक गादीवर होता.

कागद लावला की घरात हसतील, हसू द्या. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी हसणं थांबलं कारण माझ्या ओळीत तीनदा "उठली" असं लिहिलेलं होतं आणि बाकी कोणाच्याच नाही.

मग झोपमोड मोजा, तास नाही

तास मोजून फारसं काही कळत नाही. सात तास अंथरुणात सगळेच असतात. बेल वाजली की कोण उठतं, दूधवाला, गॅसवाला, कुरिअर, सासऱ्यांची रात्रीची गोळी, पोराला ताप, याची यादी केली की खरी वाटणी दिसते. केंद्र सरकारचा २०२४ चा टाइम यूज सर्व्हे आहे, त्यात बिनपगारी घरकामात बायकांचे दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ८८, जे लोक ते काम करतात त्यांचं हे ॲव्हरेज. ही वरची दोनशे मिनिटं कुठून तरी काढावी लागतात ना. दिवसाला काही पंचवीस तास नसतात.

उपाय साधे आहेत. दुधाची पिशवी कडीला अडकवा, बेल नको. डिलिव्हरी ॲपमधे सूचना लिहायची सोय असते, तिथे "बेल वाजवू नका, गेटवर ठेवा" लिहा. आणि जे टाळता येत नाही त्याची पाळी लावा. आम्ही त्याला बेल ड्यूटी म्हणतो, दिवसाची एक आणि रात्रीची एक, ज्याची ड्यूटी त्याने उठायचं, बाकीच्यांनी जाग आली तरी डोळे उघडायचे नाहीत. हे दुसरं पाळणं फार अवघड जातं, मला तर दोन महिने लागले. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात, ते सोंग बायकांनी शिकून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

दुपारची झोप घ्यायची तर अशी

वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. जेवून डाव्या कुशीवर थोडं पडायचं, इतकाच त्याचा अर्थ, दोन तास घोरणं त्यात कुठेच नाही. डाव्या कुशीवर पडलं की जठरातलं आम्ल वर घशाशी यायचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे ॲसिडिटीवाल्यांना बरं पडतं. वेळ वीस मिनिटं, अलार्म लावून. अर्धा-पाऊण तास गेला की माणूस गाढ झोपेत शिरतो आणि तिथून उठवलं की डोकं जड, चिडचिड, चहा, परत चिडचिड. तीनच्या आधी आटपा नाहीतर रात्रीची झोप उडते. चहा-कॉफीचं पण तसंच आहे, त्यातलं कॅफीन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेसहाचा कटिंग साडेअकराला अर्धा अंगात असतोच.

आता गंमत बघा. दुपारच्या झोपेचं समर्थन करताना आपल्याकडे लोक लगेच आयुर्वेदावर जातात. पण चरकाने दिवसाच्या झोपेला उन्हाळा सोडला तर सरळ नाही म्हटलंय. आणि पुढे अपवादांची यादी दिलीये, कोणी दिवसा झोपलं तरी चालेल याची. त्यात आहेत कष्टाने दमलेले, ओझी वाहून थकलेले, फार चालून आलेले, रात्री जागरण झालेले, म्हातारे, लहान मुलं, आजारी, शोकाने खचलेले. आणि कोणी मुळीच झोपू नये? तर ज्यांचं अंग सुटलंय, जे रोज तूपकट खातात आणि ज्यांची कफाची प्रकृती आहे त्यांनी.

म्हणजे श्रीखंडपुरी चापून वामकुक्षी घेणाऱ्याला बंदी आणि मार्केट यार्डात पहाटेपासून पोती वाहिलेल्या हमालाला परवानगी. आपण उलटं करून ठेवलंय सगळं. गुलटेकडीला दुपारी गेलात तर हमाल गाळ्याबाहेर रिकाम्या बारदानावर आडवे दिसतील, आणि शेजारून जाणारा कोणीतरी हमखास म्हणणार, बघा कसे पडलेत. अहो, शास्त्राप्रमाणे पडलेत ते.

घरात नाइट शिफ्ट असेल तर

हा भाग जरा सीरियसली वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७ सालीच "बहुधा कॅन्सरकारक" गटात टाकलंय आणि २०१९ ला ते परत तपासून कायम ठेवलंय. घाबरवायला सांगत नाहीये, पण "पोरगं बारापर्यंत झोपतंय" असं म्हणणाऱ्या मामांना ऐकवायला उपयोगी पडतं.

खोलीला जाड काळे पडदे, फटीतून येणाऱ्या उजेडाला पण कापड लावा. शिफ्ट संपवून सकाळी उजाडल्यावर कॅबमधून येणाऱ्यांनी गॉगल घालावा, लोक हसले तरी, कारण डोळ्यावर ऊन पडलं की शरीराला वाटतं दिवस सुरू झाला. झोप दोन तुकड्यांत घेतली तरी चालते, पहाटे चार ते नऊ आणि मग दुपारी दीड तास, अपराधी वाटून घेऊ नका. रॉजर एकर्च नावाच्या इतिहासकाराने जुनी कागदपत्रं चाळून दाखवलंय की युरोपात कारखाने आणि दिवे यायच्या आधी लोक सर्रास दोन तुकड्यांत झोपायचे, मधे उठून गप्पा, प्रार्थना, घरकाम. सलग आठ तास हीच खरी झोप असं काही आभाळातून पडलेलं नाही.

पण यात एक मेख आहे जी आमच्याकडे कागद लावल्यावर कळली. नवऱ्याची दिवसाची झोप शांत व्हावी म्हणून सासूबाई आणि मी मिळून जे करत होतो, कुकर बाहेरच्या गॅलरीत, मिक्सर शेजारणीकडे, फोन कुजबुजत, ते आईच्या ओल्या फडक्याचंच पुढचं व्हर्जन होतं. अमेरिकेतल्या क्लायंटचा दिवस चालावा म्हणून कोथरूडमधल्या एका म्हातारीने मिक्सर लावायचा नाही. कंपनी त्याला शिफ्ट अलाउन्स देते. मी नवऱ्याला म्हटलं यातला आमचा हिस्सा काढ. आधी हसला. मग त्या पैशातून भांड्यांना बाई लावली आणि त्याच्या खोलीचं दार बदलून जाड बसवलं, आता मिक्सर घरातच लागतो.

मुलांची सकाळ

याला छोटंच लिहिणार होते पण राग येतो. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं, म्हणजे तिकडे मिर्झापूरकडचं. पुणे ७३.८५ वर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या जवळजवळ ३५ मिनिटं मागे आहे. मुंबईने तर स्वतःचा वेगळा बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत हट्टाने चालवला होता, घड्याळावरून भांडणं आपल्याकडे जुनीच आहेत. तर सकाळी सातची शाळा म्हणजे सूर्याच्या हिशोबाने सहा पंचवीस, आणि व्हॅन त्याच्या आधी पाऊण तास. डिसेंबरात पोरं काळोखात स्वेटर घालून उभी असतात ती उगाच नाही.

डिसेंबर २०२३ मधे तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी शाळेच्या वेळा बदला म्हटलं आणि फेब्रुवारी २०२४ ला सरकारने आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका. छान झालं. पण वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही, आणि त्या वयाला आठ ते दहा तास लागतात. म्हणजे खरी गरज आठवी-नववीला होती, आणि बऱ्याच ठिकाणी सकाळची पाळी मोठ्यांनाच आहे. या शरीरातल्या घड्याळाच्या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालंय, पण तळजाईवर पाचला फिरायला येणाऱ्या काकांना ते सांगून बघा. ते लगेच "लवकर निजे लवकर उठे" म्हणणार. त्यातलं लवकर निजे कोणाच्या घरात होतं हो, नऊला पोरीचा क्लास सुटतो.

करायचं काय, तर पालक सभेत एकटं बोलू नका, पाच-सहा जणांनी लेखी द्या. आणि शनिवार-रविवारी तिला झोपू द्या, पण अकरा-बारापर्यंत नको, नेहमीपेक्षा दीड-दोन तास जास्त पुरे, नाहीतर सोमवारी अजून वाईट हाल होतात. आणि त्याला लोळणं म्हणू नका, प्लीज.

आवाज

रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा साधा हिशोब. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यातले बरेचसे गणपती-नवरात्रात जातात. म्हणजे तेराव्याला, लग्नाच्या वरातीला आणि दादांच्या वाढदिवसाला ही सूट नाहीये.

११२ ला फोन करा. वेळ, पत्ता, कसला आवाज एवढंच सांगा, भाषण नको. खिडकीतून छोटा व्हिडिओ घ्या, मोबाईलच्या डेसिबल ॲपचा आकडा पुरावा म्हणून चालत नाही पण स्वतःला अंदाज येतो. आणि जमलं तर वाजायच्या आधीच मंडळाच्या पोरांशी बोला, ती आपल्याच बिल्डिंगमधली असतात, "अरे आजोबांना बरं नाहीये" म्हटलं तर बेस कमी करतात, स्वाभिमानाने बंद मात्र करणार नाहीत. विसर्जनाच्या रात्री मी तक्रार करत नाही, ती माझी एक पळवाट समजा. ढोल-ताशाने माझी झोप मोडत नाही आणि वाढदिवसाच्या डीजेने मोडते, हे डेसिबलमधे बसत नाही हे मला कळतं.

कोणी म्हटलं की झोप काय एवढी मोठी गोष्ट, तर सांगा, सुप्रीम कोर्टाने २०१२ ला रामलीला मैदानाच्या केसमधे, जिथे मध्यरात्री झोपलेल्या लोकांना पोलिसांनी उठवून हाकललं होतं, झोप ही कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच धरली. आणि २०२४ ला मुंबई हायकोर्टाने ईडीला सुनावलं की रात्रभर बसवून जबाब घेऊ नका, माणसाला झोपेचा हक्क आहे.

आता वॉचमन काका

मागच्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सहाला फोटो आला. काका खुर्चीत, मफलर, मान एका बाजूला, वेळ ३.१२. खाली अंगठे, "यासाठी मेंटेनन्स भरतो का", "बदला याला" वगैरे. मी पण आधी मनात तेच म्हटलं, खोटं कशाला बोलू.

मग ते कागदाचं डोक्यात होतं म्हणून काकांना विचारलं, अहो काका, दिवसा झोपता ना? तर हिशोब असा निघाला. ड्यूटी रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तास. त्यानंतर आमच्याच गाड्या पुसणं, साडेनऊपर्यंत. मग वडगावला खोलीवर, तिथे पत्रा, दुपारी तापलेला, आणि शेजारी वेल्डिंगचं दुकान. चार तास मिळाले तर चांगला दिवस. महिन्याची सुट्टी शून्य, एजन्सी पैसे कापते. चरकाची यादी काढा, हा माणूस त्यात तीन ठिकाणी बसतो.

मीटिंगमधे कोणीतरी म्हणालं पगार घेतो ना मग जागं राहायला काय होतं. मी म्हटलं हेच १८८४ साली मुंबईतले गिरणीमालक म्हणत होते, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे, फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला माणूस, गिरणी कामगारांना घेऊन उभे राहिले, मागणी काय तर रविवारी सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. रविवार मिळाला १० जून १८९० ला. तुम्ही रविवारी साडेनऊपर्यंत गादीत असता ना, ती सुट्टी कोणीतरी मागून घेतलेली आहे. थोडा वेळ शांतता. मग एक आजोबा म्हणाले, ते ठीक आहे, पण मेंटेनन्स किती वाढणार?

तर हे तुमच्या सोसायटीत करायचं असेल तर आकडा घेऊनच जा, भावनेवर पास होत नाही. दोन माणसं बारा-बारा तास यापेक्षा तीन माणसं आठ-आठ तास. आमच्या ४८ फ्लॅटमधे महिन्याला फ्लॅटमागे चारशेच्या आसपास वाढले. दोन मीटिंग लागल्या, एक मत इकडे तिकडे असतं तर पडलंच होतं. गाड्या पुसायचं काम आता दुसऱ्याकडे दिलंय, त्यात काकांचे पैसे गेले आणि ते त्यांना आवडलं नाही, ते माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. झोप मिळाली पण महिन्याचा हिशोब बिघडला. त्यावर अजून काही सापडलेलं नाही, दिवाळीचा बोनस वाढवलाय फक्त.

शेवटची पायरी, पाटी

ही पुण्यात करायलाच हवी. दोन नियम: पाटीवर वेळ स्पष्ट हवी, आणि झोपणाऱ्याचं नाव हवं. नुसतं "दुपारी बेल वाजवू नये" लिहिलं की लोक समजतात साहेब झोपलेत.

आई आता आमच्याकडे असते, बाबा गेल्यापासून. मी दारावर लावली, "सुमनताई झोपल्या आहेत. पाठ टेकलेली नाही, झोपल्या आहेत. चारनंतर यावे." आईला दाखवली तर म्हणाली काढ ते, लोक काय म्हणतील. ठेवलीच मी.

दोन वाजता समोरच्या काकूंचा मला ऑफिसात फोन, आवाज अगदी खाली, "अगं, आईंची तब्येत बरी आहे ना? दारावर काहीतरी लिहिलंय."